पाच टी-शर्टांचं वैराग्य

गेल्या महिन्यात पुतण्या पुण्याहून चार दिवस नाशकात आला. पाठीवर एक सॅक, बस्स. वहिनींनी विचारलं, "बाकी सामान कुठंय?" तर म्हणाला, "हेच." सॅकमध्ये दोन काळे टी-शर्ट, एक काळी पँट, आणि अंगावर तिसरा काळा टी-शर्ट. पोरगा दिसतो मात्र छान, खोटं कशाला बोलू. उंच आहे, खांद्यावर कापड नीट बसतं, आणि काळ्या रंगात कुणीही थोडंफार विचारवंत दिसतंच.

तर या पोरानं दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आम्हा सगळ्यांना बसवून प्रवचन दिलं. माणसाला एवढे कपडे लागतातच कशाला? त्याच्याकडे म्हणे एकूण पाच टी-शर्ट आणि दोन पँटी आहेत. सगळं काळं. सकाळी उठून 'आज काय घालू' हा प्रश्नच नाही, डोकं मोठ्या कामांना मोकळं राहतं. ओबामांनी २०१२ साली एका मुलाखतीत हेच सांगितलं होतं, की मी फक्त राखाडी किंवा निळे सूट घालतो, मला इतर पुष्कळ निर्णय घ्यायचे असतात. स्टीव्ह जॉब्जचा तो काळा बंदगळ्याचा टी-शर्ट तर जगाला पाठ आहे. आणि नियम काय, तर वर्षभरात जे अंगाला लागलं नाही ते घराबाहेर.

बोलून थांबला असता तर हे लिहायला बसलो नसतो. पण त्यानं काकूचं कपाट उघडलं. (काकू म्हणजे आमची सौ.) अर्ध्या तासात पलंगावर ढीग झाला. ढिगाच्या तळाशी मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली येवल्याची पैठणी निघाली, सौ.च्या आईनं दिलेली. "काकू, ही शेवटची कधी नेसलीस?" सौ.नं आठवून सांगितलं, "तुझ्या मुंजीत." मुंजीला सतरा वर्षं झाली. पोरानं माझ्याकडे असं पाहिलं की आता निकाल लागलाच!

सौ.नं काही न बोलता पैठणी पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "चहा गार होतोय."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आता लिहूनच टाकतो. पुतण्या वाचणार नाही, तो लांबलचक काही वाचत नाही. (तेही मिनिमलच.)

पहिली गोष्ट. त्या काळ्या टी-शर्टाची किंमत मी विचारली. साडेतीन हजार. एकाची. का, तर त्याचं कापड वेगळं आहे, शिवण दिसत नाही, आणि त्यावर कुठंही कंपनीचं नाव नाही. नाव नसण्याचे साडेतीन हजार! आणि गळा सैल पडला की? "नवा मागवायचा काका, तोच, घरपोच येतो." म्हणजे याच्याकडे पाच टी-शर्ट नाहीत. याच्याकडे पाच टी-शर्ट घरात आहेत आणि बाकीचे दुकानदाराच्या गोदामात आहेत, ते हवे तेव्हा आणायला खात्यात पैसे आहेत. जॉब्जच्या चरित्रात तर उघडच आलंय, की इस्सेई मियाकेनं त्याला तसले शंभरेक शिवून दिले होते आणि ते कपाटात रचलेले होते. शंभर! याला कमी कपडे म्हणायचं असेल तर आमच्या मेन रोडवरच्या कुठल्याही दुकानदाराला संन्यासी म्हणावं लागेल.

हा प्रकार नवा मात्र नाही. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये ब्रमेल नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. त्या काळचे सरदार-दरकदार जरीचे कोट, पावडर लावलेले टोप घालून मिरवत. यानं ते सगळं काढून टाकलं. गडद कोट, पांढरंशुभ्र कापड गळ्याशी, अंगाला नेमकी बेतलेली पँट, बस्स. आज जगभरचे पुरुष ऑफिसात जे घालतात त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. युवराज त्याचा दोस्त. पण हा साधेपणा अंगावर चढवायला त्याला रोज सकाळचे कित्येक तास लागत, आणि लोक ते बघायला जात. शेवटी कर्ज इतकं झालं की १८१६ साली तो फ्रान्सला पळून गेला आणि १८४० साली तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात वारला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जरा घरची आहे.

माझे वडील शिंपी. रविवार कारंज्यापासून आत एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक पायमशीन, कापड बेतायचा एक पाट, आणि भिंतीला खिळ्यावर अडकवलेले तयार कपडे. शाळेतून आलो की मी काज-बटणं करत बसायचो. लग्नसराई सोडली तर नवीन कपडे शिवायला येणारं गिऱ्हाईक कमीच. जास्त कामं कसली, तर कॉलर उलटायची. आजच्या पोरांना हे सांगावं लागेल. शर्टाची कॉलर जिथं दुमडते तिथं मानेच्या घामानं आणि घासून घासून विरते. मग ती उसवायची, उलटी करायची, आणि चांगली बाजू वर घेऊन पुन्हा बसवायची. शर्टाला आणखी दोन वर्षं मिळतात. शाळामास्तर, कोर्टातले कारकून, पोस्टातले, सगळे यायचे. येताना शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे आणि दुकानात दुसरं कुणी असेल तर बाहेरच थांबायचे.

कॉलर गेली की बाह्या. कोपरावर विरल्या की कापून अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पुढे तो धाकट्या भावाला. मुलांच्या पँटीला वडील खाली चांगली चार बोटं जास्त दुमड ठेवायचे, मुलगा वाढला की एकेक घडी उसवायची. ती उसवलेली घडी कधी लपत नसे. तिथं कापडाचा रंग गडद राहायचा, आणि वर्गात कुणाची पँट किती सालची आहे हे त्या पट्ट्यांवरून मोजता यायचं. आईच्या साड्या विरल्या की गोधडीत जायच्या. त्यातूनही उरलं तर बोहारीण यायची दुपारची, ओटीवर बसून तासभर घासाघीस, आणि चार लुगडी-शर्ट देऊन स्टीलचा एक डबा.

या सगळ्याला तेव्हा नाव होतं. चणचण म्हणायचे.

घरातली पैठणी मात्र कधी कुणी मोजली नाही. ती 'वर्षात किती वेळा' या हिशोबातली वस्तूच नव्हे. ती पोरीच्या अंगावर, मग सुनेच्या, आणि मध्ये एखादं वर्ष फारच वाईट गेलं तर सावकाराकडे. वर्षभर अंगाला न लागलेली वस्तू फेकून द्यावी हे ज्याला सुचतं त्याला पुढच्या वर्षाची भीती नाही, एवढाच त्याचा अर्थ. चांगलंच आहे, कुणालाच ती भीती नसावी. पण मग त्याला वैराग्य म्हणू नये ना राव. सुबत्ता म्हणावं.

इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं, पोराला चांगलं झोडपलं. पण खरी अडचण पुढे आहे, आणि ती माझी आहे.

कारण पुतण्याच्या आधी या घरातला मिनिमलिस्ट मी होतो. शब्द माहीत नव्हता इतकंच. कॉलेजात असताना खादीचं वेड लागलं आणि जवळपास तीस वर्षं मी दोन-तीन पांढरे झब्बे, दोन पायजमे आणि कोल्हापुरी चपला यावर काढली. ऑफिसातही तसाच जायचो. सरकारी ऑफिस, कुणी हरकत घेतली नाही, उलट कौतुकच झालं. 'काय साधा माणूस!' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते मला माझ्या नावासारखं वाटायला लागलं होतं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो साधेपणा नव्हता, तो रुबाब होता. झब्बा वडिलांनी स्वतः बेतलेला, खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर म्हणजे हाडावरच. बाही मनगटापाशी दोनदाच दुमडलेली. आरशापुढे मी काय कमी वेळ घालवला? सौ. एकदाच म्हणाली होती, "तुमचा साधेपणा धुवायला माझा अर्धा रविवार जातो." पांढरी खादी, मंडळी! भिजवा, घासा, नीळ घाला, खळ करा, दमट असताना इस्त्री. मी ते विनोद म्हणून मित्रांना सांगायचो.

(बायकांना तर ही सवलतच नाही. सौ. शाळेत शिक्षिका होती. मी तोच झब्बा आठवड्यातून तीनदा घालायचो तर साधा माणूस, तिनं सोमवारची साडी गुरुवारी नेसली की स्टाफरूममध्ये नजरा. हा विषय वेगळा आहे आणि तो तिनंच लिहावा.)

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी होता. नाशिकरोडकडून यायचा. पगार माझ्याइतकाच, खाणारी तोंडं माझ्यापेक्षा जास्त. पण हा रोज कडक इस्त्रीचा शर्ट खोचून, पट्टा, पॉलिश केलेले बूट, आणि ऑफिसचा काही कार्यक्रम असला की टाय. मे महिन्यातसुद्धा. मी त्याला 'साहेब' म्हणून चिडवायचो. तो हसायचा. मला वाटायचं, आमची चांगली दोस्ती आहे. होतीच.

२०११ साली त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मी गेलो. झब्ब्यात आणि चपलांत. झब्बा धुतलेला होता, पण घरात घालायचा, कडेला विरलेला. मी मुद्दाम तसा गेलो होतो असं नाही. किंवा असेलही, आता सांगता येत नाही. हॉलमध्ये पाहिलं तर यच्चयावत माणूस नटलेला. म्हातारे कोटात, पोरं सूटमध्ये, बायका भरजरी. मनात म्हटलं, काय हा खर्च! आणि ते मनातलं चेहऱ्यावर आलं असणार, कारण मला लपवता येत नाही.

सात वर्षांनी तो रिटायर झाला. शेवटच्या दिवशी निरोप-समारंभानंतर आम्ही दोघं सीबीएसपाशी चहा प्यायला थांबलो. इकडचं तिकडचं बोलता बोलता तो एकदम म्हणाला, "पोरीच्या लग्नाला तू माझ्या दारात भाजी आणायला निघाल्यासारखा आलास." मी काही बोलणार तेवढ्यात, "आणि त्याच्या आदल्याच महिन्यात गंगापूर रोडला साहेबांच्या मुलाच्या रिसेप्शनला मी तुला जाकीट घालून पाहिलं होतं."

मी गप्प. जाकीट घातलं होतं. काळं, रेशमी, वडिलांनीच शिवलेलं.

मग तो शांतपणे म्हणाला, "तू फाटका आलास तर लोक म्हणतात, काय साधा माणूस. मी फाटका आलो तर म्हणतात, यांचं असंच." चहाचे पैसे त्यानं दिले. मला देऊ दिले नाहीत.

त्याचे आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. हे मला बावीस वर्षं शेजारी बसून माहीत नव्हतं, त्या दिवशी कळलं. २ मार्च १९३० ला आमच्या याच गावात हजारो माणसं देवळाच्या दारांशी गेली, दारं बंद झाली, आणि पुढे कित्येक वर्षं तो लढा चालला. इथूनच पुढे येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ची ती घोषणा झाली. पैठणीचं येवला ते हेच. मी येवला म्हटलं की पैठणी म्हणतो, त्याच्या घरी येवला म्हटलं की दुसरंच काही आठवत असेल.

कपड्यांचा आणि याचा संबंध काय? आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कसं राहावं याचे नियम आहेत. प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावं, दागिने लोखंडाचे. म्हणजे कमीत कमी वस्तूंत जगण्याची सक्ती या देशात शास्त्र म्हणून लिहून ठेवलेली होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये तो ग्रंथ जाळला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी तिथं जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केलं. त्यात ते काय सांगत होते? लुगडं नेसायची पद्धत बदला. ज्या दागिन्यांवरून आणि पेहरावावरून तुमची जात लांबून ओळखू येते ते टाकून द्या. एवढ्या मोठ्या लढ्याच्या मध्यात हा माणूस निऱ्यांबद्दल आणि गळ्यातल्या दागिन्यांबद्दल बोलत होता, कारण त्याला कपडा म्हणजे काय ते कळत होतं. गावोगावच्या पुतळ्यांत तो सूट आहे, तो हौस म्हणून नाही.

यावर लोक लगेच गांधींना पुढे करतात. मीही करायचो. पण गांधींचा पंचा नीट पाहा. २२ सप्टेंबर १९२१, मदुराई. त्याआधी प्रवासात लोक त्यांना म्हणाले होते, खादी घेण्याइतके पैसे आमच्याकडे नाहीत. त्यावर त्यांनी स्वतःचा पेहरावच पंचापर्यंत आणला. सकाळचे निर्णय वाचावेत, डोकं मोकळं राहावं म्हणून नाही. आणि हा निर्णय कुणाला शोभला? विलायतेत शिकलेल्या बॅरिस्टरला. त्यानं कोट उतरवला तर लोक बघत राहिले, कारण तो कोट त्याच्या अंगावर सगळ्यांनी आधी पाहिला होता. ज्याच्या अंगावर कोट कधी चढूच दिला नाही त्यानं काय उतरवायचं?

जोतीराव फुल्यांची गोष्ट मला याहून आवडते. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानाची मेजवानी होती. सगळे हिऱ्यामोत्यांत. जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि सांगितलं, की देश पाहायचा तर या दागिन्यांत पाहू नका. आता बघा, फुले मुद्दाम जाडाभरडा वेश करतात आणि बाबासाहेब मुद्दाम सूट घालतात, आणि मला दोन्ही एकच कृती वाटते. समोर कोण बसलंय आणि आपण कुणाच्या वतीनं उभे आहोत, हे ठरवून घातलेले ते कपडे. त्यात पाच की पन्नास हा प्रश्नच येत नाही. माझा तो विरलेला झब्बा आणि पुतण्याचा काळा टी-शर्ट, दोन्ही फक्त स्वतःच्याच वतीनं उभे आहेत.

हुसेन आठवतात इथं. पंढरपूरचा माणूस. १९६४ साली मुक्तिबोध गेले, हिंदीतले मोठे कवी, घर मराठी, आणि तेव्हापासून हुसेननी पायताण सोडलं असं ते सांगत. पुढे १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबनं अनवाणी म्हणून त्यांना आत घेतलं नाही. देशभर गवगवा झाला. झालाच पाहिजे. पण आपल्या मार्केट यार्डात रोज पहाटे कितीतरी माणसं अनवाणी भाजीच्या जाळ्या उतरवतात, आणि त्यांना कुठं कुठं आत घेत नाहीत याची बातमी होत नाही. मी हुसेनना नावं ठेवत नाहीये. त्यांच्या अनवाणी पायांमागं निदान एक दुःख तरी होतं.

फार कशाला, अंगावर काहीच नसलं म्हणजे सगळे सारखे, असंही नाही. आपल्याकडं सिंहस्थात त्र्यंबकला नागा साधू येतात. वस्त्र नाही, राख फक्त. पण स्नानाला पहिला मान कुठल्या आखाड्याचा, यावरून इतिहासात मारामाऱ्या झाल्यात. असो. विषय भरकटला.

तर पुतण्याला मी काय सांगितलं? खरं तर फार काही नाही. त्याला कमी कपडे ठेवायचे तर ठेवू दे, मोजकं आणि अंगाला बरोबर बसणारं घालणं हे मला अजूनही चांगलंच वाटतं. शिंप्याचा मुलगा आहे, मापाबाहेरचं कापड बघवत नाही. फक्त दुसऱ्याचं कपाट उघडू नये. आणि ते साडेतीन हजारांचं असताना त्याला त्याग म्हणू नये. तो म्हणाला, "काका, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता." मी म्हटलं, मी आणली नाही रे, मला बावीस वर्षं दिसली नव्हती. त्यावर तो मोबाईलमध्ये बघायला लागला.

पुढच्या महिन्यात माझ्या त्या सहकाऱ्याच्या धाकट्या मुलीचं लग्न आहे. पत्रिका द्यायला तो स्वतः आला होता, पांढरा शर्ट, खोचलेला, बूट दाराबाहेर नीट जोडीनं काढलेले. सौ.नं पैठणी बाहेर काढून सावलीत वाऱ्याला टाकली आहे. पुतण्याचा नियम तिनं पाळलाच म्हणायचा, सतरा वर्षं उशिरानं.

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सूट शिवायला टाकलाय. वडील नाहीत आता, रविवार कारंज्याच्या दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. भद्रकालीत एक जुना कारागीर आहे, वडिलांच्या हाताखाली शिकलेला, त्याच्याकडे गेलो. त्यानं फीत खांद्यावर टाकली, छाती मोजली, पोट मोजलं, वहीत लिहिताना थोडा हसला. मग विचारलं, "काजं मशीनवर करू की हातानं? हातानं चार दिवस जास्त लागतील."

हातानं कर म्हटलं. ट्रायल शुक्रवारी आहे.